मुक्या घंटा

नववा महिना. पहिलं दंव पडलं त्या सकाळी

लुओ,

हे पत्र मिठाच्या टोपलीच्या तळाशी येतं आहे. मीठवाला फान ते तुझ्याच हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही. बांबूच्या पट्ट्या ओलसर लागल्या तर बाहीने पूस. शाईत काजळी जास्त घातली आहे, जाणार नाही. वाचून झालं की चुलीत घाल.

दोन वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस. त्यावर मी काही म्हणत नाही. तुझी खबर मला शेजारून मिळते. शिन तुझ्याच पागेत आहे, तो कारकुनाकडून आपल्या आईला चार पट्ट्या लिहवून पाठवतो आणि तिला अक्षर येत नाही म्हणून ती त्या घेऊन माझ्याकडे येते. तू कसा आहेस, काय खातोस, कुणाशी भांडलास, हे सगळं मी दुसरीच्या मुलाच्या पत्रात वाचते.

परवा ती आली ती सोयाबीनच्या आंबवणात बुडालेल्या हातांनीच. म्हणाली, "वाच गं लवकर, हात धुवायलासुद्धा थांबले नाही."

मी वाचलं. मालकांचा खोकला थांबत नाही. उन्हाळ्यापासून ते रथात बसलेले नाहीत. तरी रथाला नवी लाख चढवली आहे. चार काळे घोडे निवडले आहेत, चौघांची उंची सारखी, अंगावर पांढरा केस नाही. त्यांना कामाला जुंपायचं नाही, नुसतं खाऊ घालायचं. लुओला मुख्य सारथी केलं आहे. पुढे शिन लिहितो, "आई, या ओतकामवाल्यांना मालकांनी फटके द्यायला हवेत. घोड्यांच्या तोंडात घालायची नवी कडियाळी आली ती इतकी पातळ, की माझ्या बोटांत वाकली. जुवाला बांधायच्या घंटा आल्या, त्यांत लोलकच नाहीत. कितीही हलवा, आवाज नाही."

शिनच्या आईला हसू आवरेना. "घंटा, आणि मुकी! आमचे हे असते तर म्हणाले असते, मला बायको अशी बघून द्यायची होती."

माझ्या हातातल्या पट्ट्या खाली पडल्या. तिला वाटलं मीही हसते आहे.

लुओ, कारागीर चुकलेले नाहीत. मेलेल्या माणसाबरोबर जायच्या वस्तू मुद्दाम तशाच करतात. भांडं असतं, पण भाजलेलं नसतं. सुरी असते, तिला धार नसते. घंटा असते, तिला लोलक नसतो. तो साज मालकांच्या रथाचाच आहे, पण तो रथ रस्त्याने धावणार नाही.

आणि एक. शिन लिहितो, कासवाच्या पाठीवरून कौल लावणारा गढीत आला होता, त्याने लुओला कपडे उतरवून पाहिलं, दात मोजले, नखं पाहिली, घोडं विकत घेताना पाहतात तसं, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. तूही हसला असशील. मालकांबरोबर जे जातं त्यात उणं काही चालत नाही. डाग नको, व्रण नको, तुटकं बोट नको. थोरले मालक आजारी होते तेव्हा तुझ्या बापालाही असंच पाहिलं होतं. घरी येऊन तो मला म्हणाला होता, "माझ्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात आहेत, हे मला आज कळलं."

तू घर सोडून गेलास तेव्हा मी तुला हेच सांगत होते. तू म्हणालास, माझा बाप आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने मालकांबरोबर गेला, म्हणून आपल्याला तुतीचा मळा मिळाला, म्हणून दर नव्या वर्षाला गढीतून मांसाची तंगडी येते; तू त्याला मूर्ख ठरवतेस. मी म्हणाले, त्या सकाळी तो मला सांगून गेला होता, की घोडे शांत होईपर्यंत खाली खड्ड्यात त्यांना धरून उभं राहायचं, मग वर यायचं. दुपारी येतो, राळ्याची पेज करून ठेव. तू म्हणालास, तू रडू नयेस म्हणून तो तसं बोलला. एवढं बोलून तू गेलास.

त्या दिवसाचं बाकीचं मी इथे लिहीत नाही.

आपली तांबडी घोडी आठवते? तू तिच्याच दुधाळ पोटाखाली खेळलास. थोरल्या मालकांच्या वेळी ती पोटुशी होती आणि गढीची माणसं गावोगाव चांगली घोडी निवडत फिरत होती. तुझ्या बापाने तिच्याच शेपटीचा एक केस उपटला आणि खुराच्या वर, लवेत दिसणार नाही असा, आवळून बांधला. दुसऱ्या दिवशी घोडी लंगडायला लागली. माणसं आली, पाय पाहिला, माना हलवल्या, गेली. मग त्याने केस कापून टाकला. घोडीसाठी त्याला हे सुचलं. स्वतःसाठी सुचलं नाही, कारण स्वतःची पाळी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तुला ठाऊक आहे.

फान आता वसंतापर्यंत गढीकडे जाणार नाही. पुढची पत्रं मला पागेच्या कचेरीतून पाठवावी लागतील, आणि तिथला कारकून दोरी सोडून आधी स्वतः वाचतो. त्यांत मी फक्त घोडीचं लिहीन. तू समज.

आई

दहावा महिना. कोबी पुरून झाल्यावर

चिरंजीव लुओ यास आईचे आशीर्वाद. हे पत्र आधी उघडून वाचणाऱ्या कारकूनदादांनाही नमस्कार. शिनच्या पत्रांतलं तुमचं अक्षर मी नेहमी पाहते. घोडा हे अक्षर काढताना तुमची पायाची चौथी रेघ जरा आखूड पडते. बाकी सुबक.

मालकांना उतार पडो. आम्ही सगळे रोज त्यांच्या नावाने पूर्वजांपुढे मदिरा ठेवतो.

तुझा निरोप पोहोचला. शिनच्या पत्राच्या शेवटी एकच ओळ होती, "लुओ म्हणतो, माझ्या आईला सांग, मी घोडी नाही." शिनच्या आईने विचारलं, "म्हणजे काय गं?" मी म्हणाले, लहानपणी मी त्याला घोडीसारखा हट्टी म्हणायची, त्याचा राग आहे. ती म्हणाली, "एवढा मोठा सारथी झाला, तरी आईवर रुसतो. माझा शिन बघ, रुसायचं कसं ते त्याला येतच नाही. शेणाच्या ढिगावर बसवला तरी म्हणेल, ऊब छान आहे."

खरं आहे तिचं. शिन चांगला पोरगा आहे.

माझी तब्येत बरी नाही. छातीत दुखतं. मोठ्या मुलाला आईच्या आजारपणात सुट्टी देण्याची रीत आहे, हे कारभाऱ्यांना आठवण करून द्यावं असं कारकूनदादांना विनवते. थोडे दिवस आलास तरी चालेल.

तांबड्या घोडीची नात यंदा विणार आहे. तिच्या चालीकडे पाहिलं की तुझ्या बापाची आठवण येते. किती हुशार होता तो, दुसऱ्यांच्या बाबतीत.

आई

अकरावा महिना. नदी काठाकाठाने गोठली आहे

चिरंजीव लुओ,

सुट्टी नाही असं कळलं. मुख्य सारथ्याने पागा सोडायची नाही, असा हुकूम आहे म्हणे. मोठा मान आहे हा.

गावातून प्रत्येक घरामागे एक गडी खोदायला नेला. जमीन पुरती गोठायच्या आत गढीच्या पश्चिमेला धान्याचं कोठार करायचं आहे. आपल्या घरातून हाय काका गेले, तुझ्या बापाचे चुलतभाऊ. परत आले ते पाठ धरून. मी पाठ शेकत होते तेव्हा म्हणाले, "वहिनी, माझं वय झालं, पण असलं कोठार मी पाहिलं नाही. एका बाजूने चांगला लांब उतार ठेवलाय. रथ थेट आत हाकत न्यावा."

मी म्हणाले, "धान्य गाडीतून आत नेता यावं म्हणून असेल."

ते म्हणाले, "असेल." उठताना म्हणाले, "पोराला थंडीचे कपडे पाठवणार आहेस का? पाठव. लवकर पाठव."

म्हणून हे गाठोडं. त्यात कापूस नाही, रेशमाचा चोथा भरला आहे, हलका पण उबदार. सुकी बोरं आहेत. कारकूनदादांनी त्यांतली मूठभर घ्यावी, संकोच करू नये.

बोरांच्या तळाशी तुझं लहानपणचं खेळणं ठेवलं आहे. माळ्यावर सापडलं. पितळी घंटा, करंगळीएवढी. तुला आठवते का? थोरले मालक आजारी होते त्या हिवाळ्यात तुझा बाप ती ओतशाळेतून घेऊन आला होता. खूप खुशीत होता. म्हणाला, "ओतताना बिघडली, लोलकच बसवायला विसरले बेटे. तिथे असल्या ढीगभर पडल्यात. म्हटलं आपल्या पोराला एक." लाल दोऱ्यात ओवून त्याने ती तुझ्या गळ्यात बांधली. तू ती हलवलीस, ती वाजेना, म्हणून तू भोकाड पसरलंस. मग तो तोंडाने वाजवायला लागला. तू मान हलवायचास आणि तो "टिंग टिंग" करायचा. तुम्ही दोघं सबंध हिवाळा तेच करत होता. मी म्हणायची, बापाला काम नाही काय दुसरं?

कुठलाही बाप आपल्या पोराच्या गळ्यात अभद्र वस्तू जाणूनबुजून बांधणार नाही. एवढंच मला सांगायचं होतं. नीट पाहा ती.

पागेत नव्या घंटा आल्या आहेत म्हणे. या घंटेची त्यांच्याशी जोडी लागते का, ते शिनला विचारू नकोस. तुझं तूच पाहा.

घोडी बरी आहे.

आई

बारावा महिना, वर्ष संपत आलं

लुओ,

हे पत्र नदीच्या उताराजवळ मावशीच्या घरी येतं आहे, फानच्या पुतण्याच्या हातून. ही दोरी मधे कुणी सोडणार नाही. आता सरळ लिहिते.

उजव्या पायाची बोटं गेली असं शिनने लिहिलं. रथ चौथऱ्यावरून उतरवताना चाक पायावरून गेलं, आणि "लुओ ओरडलासुद्धा नाही, नुसता बघत राहिला, जसं काही पाय दुसऱ्याचा आहे." कारभाऱ्यांनी कौलवाल्याला बोलावलं. त्याने पाय पाहिला आणि मान हलवली. उणं झालं ते चालत नाही, म्हणाले. बैलगाडीत घालून तुला मावशीकडे पोहोचवलं.

जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवायला सांग. मावशी चिखल लावायला निघेल, लावू देऊ नकोस. ताप असेल तर वाळुंजाची साल उकळून घे. वेदना किती आहेत ते मला लिहू नकोस, मला कळतं. तू जिवंत आहेस, हे मी भाकरी थापताना, पाणी काढताना, पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणते.

तू घंटा पाहिलीस. म्हणजे आता तुला बाप कसा होता ते कळलं. तो मूर्ख नव्हता. त्याला खोटं सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची त्याला सवय होती. घोड्यांशी तो कधी खोटं वागला नाही, म्हणून माणसंही त्याच्याशी वागणार नाहीत असं त्याला वाटे.

हे सगळं वाचून दाखवणारी मीच होते, हे तुला लिहायचं राहिलं. शिनचं पत्र आलं तेव्हा त्याची आई नेहमीसारखी माझ्या चुलीपुढे बसली होती. तुझ्या पायाचं वाचलं तशी तिने माझा हात धरला. "अगंबाई! आणि तू एवढी शांत कशी?" मी पुढे वाचलं. पुढे लिहिलं होतं, "आई, तुला आनंद होईल. लुओची जागा मला मिळाली. आता मुख्य सारथी मी. मलाही तपासलं, माझ्या अंगावर एक व्रण नाही म्हणून कौलवाला खूश झाला. हे तुझ्यामुळे, तू मला लहानपणी झाडावर चढू दिलं नाहीस."

तिने पट्ट्या माझ्या हातातून घेतल्या, उलट्या धरल्या आणि छातीशी लावल्या. "मी म्हणायची ना! मी त्याला बोराच्या झाडावरही चढू दिलं नाही. सगळे हसायचे मला, मुलगी वाढवतेस का म्हणायचे." मग एकदम तिला माझी आठवण झाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "बघ कशी मी. तुझ्या पोराचा पाय गेला आणि मी नाचते."

संध्याकाळी राळ्याच्या वाफवलेल्या वड्या घेऊन आली. पहिली माझ्या तोंडात घातली. म्हणाली, "लुओ बरा होईल. लंगडा तर लंगडा, घरी तर येईल. तुला सोबत होईल."

मी ती वडी गिळली, लुओ.

तू बरा झालास की ये. घोड्यावरून नको, बैलगाडीने. आणि आलास की गावात मागच्या वाटेने शिर. शिनच्या आईचं दार पुढच्या वाटेवर आहे.

आई

पहिला महिना. अजून बर्फ आहे

लुओ,

मालक गेले.

काल गढीवरून माणूस आला, कपाळाला तागाची पट्टी. प्रत्येक दारापुढे उभा राहून सांगत गेला. दफन पुढच्या महिन्यात आहे, कौलाने दिवस दिला आहे. तोवर गढीची दारं बंद. पत्र आत जाणार नाही, बाहेर येणार नाही. दुखवट्यात आत मीठही खात नाहीत, म्हणून वसंतात फान निघाला तरी त्यालाही सोडणार नाहीत.

तो पुढे गेला आणि शिनची आई माझ्याकडे आली. नव्या वर्षाची लाल दोरी दाराला लावलेली होती ती सोडून हातात घेतलेली. म्हणाली, "मालक गेले, वाईट झालं. पण नवे मालक शिनला ठेवतील ना गं? चांगला सारथी कुणी काढून टाकत नाही. आणि रथही नवा आहे." मग ती म्हणाली, "त्या घंटा तेवढ्या बदलून घ्यायला हव्यात त्याने. नव्या मालकांपुढे मुक्या घंटा बांधून जाणं बरं दिसत नाही."

मी वड्या गिळल्या होत्या, पण हे मला गिळता आलं नाही. मी तिला बसवलं आणि सांगितलं. घंटांचं सांगितलं, कोठाराच्या उताराचं सांगितलं, तुझ्या बापाचं सांगितलं. तिला तुझ्या बापाचं गावाला माहीत आहे तेवढंच माहीत होतं.

ती ऐकत होती. दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "लुओचा पाय चाकाखाली कसा गेला?"

मी उठून पाण्याचं मडकं झाकायला लागले.

"मी विचारते आहे, कसा गेला?"

"त्याने घातला," मी म्हणाले.

"तू सांगितलंस?"

"हो."

"माझ्या शिनला कुणी सांगायचं होतं?"

मी म्हणाले, "त्याची पत्रं कारकून लिहितो आणि कारकूनच वाचतो. तुझ्या पत्रात मी ते घातलं असतं तर…"

"नाटक करू नकोस." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुझ्या पोराला तू सांगितलंसच ना काहीतरी करून? घोडी, बोरं, खेळणं. मीच सगळं ऐकत होते इथे बसून. आणि माझ्या हातची वडी खाल्लीस."

मला वाटलं ती उठून जाईल. ती गेली नाही. चुलीतलं लाकूड आत सरकवलं, जणू घर तिचंच आहे. मग म्हणाली, "लिही."

"काय लिहू?"

"तुझ्या पोराला लिही. गढीत पत्र जात नाही ना? मग माणूस जाईल. त्याच्या मावशीच्या घरापासून गढी अर्ध्या दिवसावर आहे."

मी शाई घासायला घेतली आणि माझा हात थांबला. ती माझ्याकडे बघत होती. "कळलं का आता," ती म्हणाली, "कसं वाटतं ते."

म्हणून लिहिते आहे. ती शेजारी बसली आहे. एकेका पट्टीवर मी काय लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवते, आणि मग पुढची घेते. म्हणजे यात लपवलेलं काही नाही.

गढीच्या फाटकावर पहारेकरी आहेत ते सगळे पाय तोडलेले. कधीकाळी शिक्षा झालेली माणसं. तुझा बाप सांगायचा, ते धडधाकट माणसाची दहा वेळा झडती घेतील, पण लंगड्याला अडवत नाहीत. दुखवट्याला आलो, जुना सारथी आहे, म्हण. पागेच्या मागच्या कुडाला कुठे फट आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. शिन तुझ्यावर विश्वास ठेवेल, पण लगेच नाही. त्याला अभिमान वाटतो आहे, तुला वाटत होता तसा. घंटा गळ्यात घालून जा. ती त्याला दाखव.

शिनची आई म्हणते, त्याला सांग, आईने तुला झाडावर चढू दिलं नाही त्याबद्दल तिला माफ कर. सांग, आता चढ, पड, काहीही मोडून घे. आणि ये.

मी तिला विचारलं, शिन सुटला तर तिसऱ्या कुणाची तरी आई असेल, तिचं काय? ती म्हणाली, "ते तुला आधी सुचलं नाही. आता मला विचारू नकोस." मग तीच म्हणाली, "घोडे तिसऱ्याचं ऐकतील का?"

याचं उत्तर तूच देऊ शकतोस. मला जेवढं कळतं तेवढं लिहिते. त्या चार काळ्यांना तुम्हा दोघांखेरीज कुणाचा हात लागलेला नाही. त्यांना तसंच वाढवलं, मुद्दाम, कारण उतारावरून खाली जाताना ओळखीचा हात लागतो. तो हात नसेल तर ते त्या उतारावर पाय ठेवणार नाहीत. त्यांना दारू मिसळलेला चारा देतील, तरी नाही. फार तर वरच मारतील त्यांना. त्या चौघांचं मला वाईट वाटतं, लुओ. त्यांनी कुणाचं काही केलेलं नाही. पण वर मेलेल्या घोड्याबरोबर खाली जायला सारथी लागत नाही.

हे खरं ठरेलच असं नाही. मी एक म्हातारी बाई आहे, पागेतल्या खुंट्यांवर टांगलेल्या पाट्या बघून अक्षरं शिकले. मला घोडा हे अक्षर सगळ्यात आधी आलं.

मागच्या प्रत्येक पत्रात मी तुला ये म्हणाले. आज मी ते लिहू शकत नाही. जा, असंही माझ्या हाताने लिहवत नाही. दोन्ही शब्द मी पट्टीवर काढले आणि सुरीने खरवडले. शिनच्या आईने ते खरवडताना पाहिलं. तुझा पाय दुखत असेल. चालताना रक्त येईल. तू ठरव.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. भांडणाच्या दिवशीही नाही. ती सांगते.

त्या दिवशी मी बायकांच्या रांगेत उभी होते. तू माझ्या कडेवर होतास, गळ्यात ती घंटा. चारी घोडे समोरून गेले, नवा साज घातलेला, डोकी हलवत, आणि एकही घंटा वाजली नाही. तेव्हा मी तुझ्या गळ्यातल्या घंटेकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं. तोवर तो खड्ड्यात उतरून गेला होता. जाताना त्याने आपल्याकडे बघून तोंडाने "टिंग टिंग" केलं, आणि तू हसलास.

मग आम्ही थांबलो. घोड्याला कळतं, लुओ. माती पडायला लागली की कुठलंही जनावर ओरडेल. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते, कारण घोडे ओरडले म्हणजे तो त्यांना सोडून वर निघाला, असा अर्थ. त्याच्या हाताखाली घोडा कधी ओरडत नसे. माती पडत राहिली, धुमसाने माती ठोकणारे गडी एका सुरात गात राहिले, आणि खालून एक आवाज आला नाही. शेवटपर्यंत नाही. लोक म्हणाले, किती शुभ, किती शांत गेले सगळे. त्या शांततेसाठी आपल्याला तुतीचा मळा मिळाला.

तो गप्पपणा मी अजून ऐकते. शिनच्या आईला मी तो ऐकायला लावू शकत नाही.

तिने आता आपली लाल दोरी दिली आहे. पट्ट्या तिनेच बांधायच्या म्हणते. फानचा पुतण्या दारात उभा आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा सगळ्या बायकांना रांगेत उभं करतील. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहू आणि कान देऊन ऐकू.

या वेळी घोडे ओरडू देत.

आई